सातचा ट्रे

सोमवार, ४

मागच्या सोमवारी ठरवलं होतं की आजपासून लिहायचं. मग म्हटलं मंगळवारपासून. मग पेन चालेना. ते चालत होतं, मीच टोपण काढलं नव्हतं, पण हे कळेपर्यंत शनिवार आला. तेव्हा कबूल करते, आठवडाभर टाळून आज बसले आहे. तेही मशीनमध्ये चादरी आहेत आणि दुसरीकडे कुठे जाता येत नाही म्हणून.

ही वही मामाची. मामाने तीस वर्षं लिफ्ट सांभाळल्या, त्या लिफ्टचं हे नोंदवहीसारखं काहीतरी. चार रकाने आहेत: तारीख, काय पाहिलं, काय केलं, सही. मी सरळ रकान्यांवरून आडवं लिहिते आहे. आधीची पानं त्याने भरलेली. सुरुवातीला वाचायला मजा येते: "दार घासतं, दोन थेंब तेल." "चौथ्याचं बटण अडकतं, कुणीतरी च्युइंगगम लावलं आहे, कोण ते माहीत आहे." शेवटच्या पानांवर मात्र नुसतं ठीक, ठीक, ठीक. कंटाळला असेल. कंटाळा काय असतो ते मला विचारा.

मी इथे दोन दिवसांसाठी आले होते, त्याला आता सहा आठवडे झाले. सकाळी लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. त्याआधी बोटीवर तिकिटं फाडली, त्याआधी कुंड्या विकल्या, त्याआधी बाहुल्यांचा खेळ करणाऱ्यांच्या गाडीतून फिरले. मामा मला भिंगरी म्हणतो. लहानपणापासून म्हणतो, त्यामुळे राग येत नाही.

आता मुद्दा. या घरात दोन माणसं आहेत आणि ती आठ महिने एकमेकांशी बोललेली नाहीत. मामा आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी ताई. ताई लिफ्ट तपासनीस आहे, सरकारी. आठ महिन्यांपूर्वी बाजाराच्या इमारतीतली लिफ्ट तपासायला गेली. ती लिफ्ट मामाच्या देखरेखीखाली. ताईने लोखंडी दोर पाहिला, त्याच्या अकरा तारा तुटलेल्या. तिने लिफ्टला लाल चिठ्ठी लावून ती बंद केली. बापाच्या लिफ्टला! मामाने त्याच दिवशी हत्यारांची पेटी पलंगाखाली सारली आणि काम सोडलं.

तेव्हापासून ताई साडेसहाला जेवते आणि मामा आठला. मधल्या वेळात स्वयंपाकघर रिकामं असतं. दोघांनाही एकमेकांबद्दल काही सांगायचं असेल तर मला सांगतात, आणि मी समोरच उभी असते, आणि दुसरा माणूसही समोरच उभा असतो.

"तुझ्या तपासनीस साहेबांना सांग, गिझर चालू राहिलाय."

"बाबांना सांग, मीच चालू ठेवलाय."

आणि ताईची बदली झाली आहे. लांब. तीस तारखेला सकाळी ती जाणार. अशीच गेली तर मग फोनवर कोण कुणाला सांगणार? मी तर नेहमीसाठी इथे नाही.

म्हणून ठरवलं. तीस तारखेच्या आत दोघं एका टेबलावर जेवतील. मीच जेवण करणार, रोज संध्याकाळी, सात वाजता. ना साडेसहा, ना आठ. मला रांधता येत नाही ही अडचण आहे. पण कोपऱ्यावरच्या मासेवाल्या काकू म्हणाल्या, सॅमन आण, भाज्या चिर, सगळं एका ट्रेमध्ये ठेव, ओव्हनमध्ये ढकल, झालं. ढकलणं मला जमेल.

मंगळवार, ५

जमलं नाही.

बटाटे, गाजर, ब्रोकोली, सॅमनचे तीन तुकडे, सगळं ट्रेमध्ये ठेवून वीस मिनिटं. बटाटा दातांना कच्चा लागला. म्हणून आणखी वीस मिनिटं ठेवलं. बटाटा जरा मऊ झाला, ब्रोकोली काळी पडली आणि सॅमनमधून पांढरं पांढरं काहीतरी बाहेर येऊन वर गोठलं. ताईने काट्याने ते टोकरलं.

"हे काय आहे?"

"सॉस."

"भिंगरे, सॉस आतून येत नाही."

तिने बटाटे खाल्ले. मामा आठला आला, तोपर्यंत मासा बुटाच्या तळव्यासारखा झाला होता. त्याने एक घास खाल्ला, चावला, चावतच राहिला. मग म्हणाला, "चव चांगली आहे. थोडी लांब आहे."

उद्या पुन्हा करणार. काल लिहिलं आहे म्हणजे करणारच.

शुक्रवार, ८

काकूंनी मला दुकानात सगळ्यांसमोर झापलं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात सुरी, आणि म्हणतात, "सगळं एका ट्रेमध्ये म्हटलं होतं, एका वेळी कुणी म्हटलं होतं?"

मग समजावलं. बटाटा आणि गाजर बोराएवढे चिरायचे, तेल-मीठ चोळून आधी एकटेच आत. पंचवीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढायचा, भाज्या बाजूला सारून मध्ये जागा करायची, तिथे मासा, कातडी खाली. मासा आधी कागदाने टिपून कोरडा करायचा. वर मोहरीची पेस्ट, लसूण, लिंबू. ब्रोकोलीही तेव्हाच. मग बारा मिनिटं, फार तर चौदा. काटा खुपसून फिरवला की पाकळ्या सुटतात, त्या सुटल्या की बाहेर. आणि आत ढकलायच्या आधी मासा बोटाने उलटा कुरवाळायचा, काटे लागतात ते उपटायचे.

मी सगळं हातावर लिहून घेतलं. घरी येताना एक माणूस पाठीवर आरसा बांधून सायकलवरून चालला होता, त्याच्या मागे मागे दोन चौक गेले, कारण आरशात सगळा रस्ता उलटा पळत होता. परत आले तेव्हा घामाने "पंचवीस" पुसलं गेलं होतं. पण लक्षात होतं!

आणि जमलं. आतून गुलाबी, वरून सोनेरी, लिंबाच्या कडा जळक्या. मी फ्रिजवर कागद लावला होता: जेवण सात वाजता. मासा थांबत नाही.

बरोबर सातला दोघं आली. मी मनात म्हटलं, जिंकलं. ताईने ताट भरून घेतलं आणि ती बाल्कनीत गेली. मामाने ताट भरून घेतलं आणि तो त्याच्या खोलीत गेला. दोन्ही दारं लागली. मी टेबलावर एकटी बसून मासा खाल्ला. इतका चांगला मासा मी आयुष्यात खाल्ला नव्हता आणि सांगायला कुणी नाही.

सोमवार, ११

आज विशेष काही नाही. दिवाणखान्यातला बल्ब गेला. मामा म्हणाला, तू बदल, तुझा हात बसू दे. तीस वर्षं विजेत हात घातलेला माणूस बल्ब बदलायला मला सांगतो. ऐट बघा. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो तर तेवढ्यासाठीही खाली उभा राहून लिफ्टची वाट बघतो. मी जिन्याने दोनदा वर जाऊन येते तेवढ्यात. म्हटलं, "लिफ्टवाल्याने जिना चढला तर पाप लागतं का?" तो हसला नाही.

काल आईचा फोन आला होता. दर रविवारी येतो. वाजू दिला.

बुधवार, १३

ओव्हनला लाल चिठ्ठी लागली आहे!

झालं असं. ट्रेच्या एका कोपऱ्यातले बटाटे रोज जळतात आणि दुसऱ्या कोपऱ्यातले फिके राहतात, हे मी ताईला सहज सांगितलं. तिने ऑफिसच्या बॅगेतून तापमापक काढला, तो चार कोपऱ्यांत ठेवून बघितला, दारावरून हात फिरवला, टॉर्च मारला. मग छापील चिठ्ठी काढली, खरोखरची, लिफ्टला लावतात ती. "वापर बंद. दाराची रबरी पट्टी फाटलेली. तळ तपासणे आवश्यक." सही, तारीख. आणि दारावर चिकटवली.

मामा सातला आला, चिठ्ठी बघितली, आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हा ओव्हन तुझी मामी असल्यापासून आहे. तुझ्या तपासनीस साहेबांना सांग, घरात सरकारी कागद चालत नाहीत."

"बाबांना सांग, गरम वाफ तुझ्या तोंडावर येते. तुझ्या, भिंगरे. चेहरा भाजला तर मग कुठला कागद चालेल ते त्यांनी ठरवावं."

"तिला सांग, मी दुरुस्त करू शकतो."

"त्यांना सांग, करा."

मग दोघंही माझ्याकडे बघत राहिली. मी कच्च्या बटाट्यांचा ट्रे धरून उभी. आम्ही पाव आणि चीज खाल्लं, तीन वेगवेगळ्या खोल्यांत.

मी हात टेकणार नाही. फक्त आज पाव खाल्ला म्हणून काही बिघडत नाही.

गुरुवार, १४

मामाने पलंगाखालून पेटी काढली. म्हणजे मला काढायला लावली. धूळ झटकली, रबरी पट्टी कुठून तरी मागवली होती ती बसवली, खुर्चीवर बसूनच. बिजागऱ्या पाहिल्या. हात असे चालत होते की मी बघतच राहिले. मग म्हणाला, "आता तळ. तू आडवी हो, टॉर्च घे, मी सांगतो."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला दिसतंय ना? दिसतं ते बोल."

फरशीवर पोटावर पडून मी ओव्हनच्या पोटात बघितलं. खाली एक वाटाणा आणि कुणाचं तरी कानातलं सापडलं. कानातलं मामाने हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. डावीकडचा स्क्रू हाताने हलत होता. "आवळ. अजून. आता हलतो का? ओढून बघ, उगाच हो म्हणू नकोस." तीनदा ओढायला लावलं.

मग त्याने लाल चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या बाजूला लिहिलं. मी उतरवून घेते:

"रबरी पट्टी: बदलली, मी. बिजागरी: पाहिली, मी. तळाचा स्क्रू: ढिला होता, भिंगरीने पाहिला आणि आवळला. मी स्वतः पाहिलेला नाही." खाली सही.

ताई आली तेव्हा मी कांदा चिरत होते. तिने चिठ्ठी वाचली. एवढीशी चिठ्ठी, पण ती वाचतच राहिली.

"हे शेवटचं तू लिहायला सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?"

"त्यांनी आपणहून लिहिलं? 'मी पाहिलेला नाही'?"

"हो. का, चूक आहे?"

तिने त्या ओळीवरून अंगठा फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चिरत होते मी आणि कांदा लागला तिला. मग तिने स्वतः फरशीवर झोपून स्क्रू ओढून बघितला, हिरवी चिठ्ठी लावली आणि हात न धुताच बाल्कनीत गेली.

आजचे बटाटे चारही कोपऱ्यांत सारखे. जेवण मात्र अजून तीन खोल्यांत.

सोमवार, १८

ताई आता स्वयंपाकघरात रेंगाळते. आज गाजरं चिरून दिली. सगळी एका मापाची, जणू पट्टी लावून. मी विचारलं, नक्की काय झालं होतं त्या लिफ्टचं?

"लिफ्टच्या वर मशीनची खोली असते. पाच जिने चढून जावं लागतं. मी गेले तर तिथे धूळ होती. चांगली जाड. माझ्या बुटांचे ठसे उठत होते."

"मग?"

"फक्त माझेच."

मी विचारलं, कबुतरांचे पण नाहीत? कारण आमच्या लाँड्रीच्या गच्चीवर कबुतरांनी उच्छाद मांडला आहे, कालच एक चादरीवर चालत गेलं आणि अख्खी चादर नक्षीदार करून ठेवली. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी कबुतरं सोडून दिली.

"मी दोराबद्दल लिहिलं," ती म्हणाली. "बाकी लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर त्यांचं लायसन्स गेलं असतं. त्यांना वाटतं मी त्यांना अडकवलं."

"मग सांग की त्यांना."

"काय सांगू? की मला माहीत आहे? त्यांनी सांगायला हवं, भिंगरे."

मी म्हटलं, तुम्हा दोघांचं डोकं एकाच कारखान्यातून आलंय. तिने गाजर फेकून मारलं.

बारा दिवस उरले. सरळ मार्गाने होत नाही तर वाकड्या मार्गाने.

शुक्रवार, २२

सांगते, सगळं सांगते, क्रमाने सांगते.

लाँड्रीतून मी आज ओल्या चादरी घरी आणल्या. मालकिणीला म्हटलं, घरी वाळवते, तिला काय. सहा वाजता बाल्कनीभर चादरी, बाल्कनीतल्या खुर्चीवर चादर, मामाच्या पलंगावर दोन, त्याच्या खुर्चीवर एक. ताईच्या बिछान्यावर पण. सगळ्या घरात कोरडी बसायची जागा एकच, टेबल. तिथे तीन ताटं मांडली.

सात वाजता ट्रे आणला. ताईने बाल्कनीचं दार उघडलं, मिटलं. मामा खोलीत गेला, परत आला.

"हा काय तमाशा?"

"चादरी."

"दिसतंय. माझ्या पलंगावर?"

"मासा थांबत नाही, मामा."

बसली. दोघंही. समोरासमोर. मी मध्ये. मी इतकं बोलले की काय बोलले ते आठवत नाही, बोटीवरच्या एका बाईच्या पोपटाबद्दल होतं. ती दोघं खाली मान घालून खात होती. मग ताई एकदम थांबली आणि तोंडातून बोटाने काटा काढायला लागली. निघेना. हिरडीत रुतला होता. मी गडबडीत आज मासा कुरवाळलाच नव्हता!

मामा उठला. पेटीतून लांब नाकाचा चिमटा आणला, तो गरम पाण्याखाली धरला, लिंबाने पुसला. ताईसमोर उभा राहिला.

"आ कर."

हे तो मला नाही म्हणाला. तिला म्हणाला. आठ महिन्यांनी पहिला शब्द, आणि तो "आ कर".

तिने आ केला. त्याने एका झटक्यात काटा काढला, दिव्याकडे धरून बघितला आणि ताटाच्या कडेला ठेवला. बसायला गेला तर त्याचा पाय मुडपेना. टेबल धरून, दात आवळून, तो हळूहळू खाली आला. ताई बघत होती.

"मी वर गेलो नव्हतो," मामा म्हणाला.

ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"चार महिने गेलो नव्हतो. गुडघा वर नेईना. खालूनच आवाज ऐकायचो आणि ठीक लिहायचो. तीस वर्षं आवाजावरून कळत होतं, म्हटलं आताही कळेल."

"मला माहीत होतं, बाबा."

"कसं?"

"धुळीवर तुमचे बूट नव्हते."

मामाने काटा ताटाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकवला.

"मग लिहिलं का नाहीस?"

"फॉर्मवर गुडघ्याचा रकाना नाही."

"माझी कीव केलीस."

"नाही. कीव केली असती तर लिफ्ट चालू ठेवली असती." ताईचा आवाज चढला. "रोज दोनशे माणसं जातात त्यातून. मी तुम्हाला वाचवायला नव्हते गेले, त्यांना वाचवायला गेले होते. आणि घरी आले तर तुम्ही पेटी पलंगाखाली सारलेली. एकदा तरी विचारायचं, पोरी, वर काय दिसलं!"

"विचारायला तोंड कुठे होतं?" मामा म्हणाला. "झोप नव्हती मला. रोज वाटायचं, तू गेली नसतीस तर काय झालं असतं. तुझ्या तोंडाकडे बघितलं की तेच आठवायचं. म्हणून आठला जेवायचो."

ताई उठली आणि तिने ट्रेमधला राहिलेला तुकडा त्याच्या ताटात वाढला. तो माझा होता. ती पुन्हा बसली तेव्हा खुर्ची त्याच्या बाजूला ओढून बसली आणि म्हणाली, "सोमवारी डॉक्टरकडे जायचंय. मी सुट्टी टाकते."

"हुकूम आहे का?"

"हो."

"लाल चिठ्ठी लावणार गुडघ्याला?"

आणि ताई हसली. तोंडात ब्रोकोली असताना हसली, त्यामुळे मग खोकली, मग मामाने पाठीवर थापट्या मारल्या.

फक्त उड्या मारायच्या बाकी होत्या. म्हटलं, "बघितलंत? मी केलं! मी पूर्ण केलं!" तर मामा माझ्याकडे वळला.

"आठ महिने तोंड चुकवणं काय असतं ते मला आता कळलंय. तुझे किती झाले, भिंगरे?"

मी म्हटलं, चादरी बघून येते, वाळल्या असतील.

रविवार, २४

चादरी परत दिल्या. एकीला माशाचा वास येतो असं मालकीण म्हणाली. शक्य आहे.

मामाने विचारलं म्हणून इथे लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. चौदा महिने. नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला दोन महिने होते आणि मी बाहुलीवाल्यांच्या गाडीत बसले. फोनवरून सांगितलं. आई म्हणाली, तू एकही गोष्ट कधी पुरी करत नाहीस. मी म्हटलं, मग मला फोनच करू नकोस. ती करते. दर रविवारी, अकराच्या सुमाराला. मी उचलत नाही, कारण उचलून काय दाखवणार? घड्या घातलेल्या चादरी?

आज फोन आला नाही.

बरंच झालं. दोनदा बघितला, चार्ज होता.

बुधवार, २७

मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागेल, पुढच्या महिन्यात. ताई तेव्हा आठवडाभर येणार आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जिना चढू नका म्हणून सांगितलं. मामा म्हणाला, "हे सांगायला डॉक्टर लागला."

आता रोज तिघंही सातला बसतो. चादरींची गरज नाही. त्यांची भांडणं सुरू झाली आहेत, मोठ्याने, समोरासमोर. काल मोहरी जास्त की लसूण जास्त यावर अर्धा तास. ताईला नव्या गावातल्या खोलीत छोटा ओव्हन मिळणार आहे, म्हणून ती माझ्याकडून ट्रे शिकते. माझ्याकडून! मी तिला हातावर लिहू दिलं नाही, म्हटलं पाठ कर.

मामा आज सहज विचारत होता, "तुझ्या आईला अजून मासा चालतो ना?"

"मला काय माहीत? तुझी बहीण आहे."

"हो, माझी बहीण आहे," तो म्हणाला आणि फोन घेऊन खोलीत गेला. दार लावून घेतलं. मला वाटतं डॉक्टरला फोन असेल.

शुक्रवार, २९

ताईचा शेवटचा दिवस. म्हणजे इथला. बॅगा दारात उभ्या आहेत. उद्या सकाळी सातची गाडी.

मामा सकाळी म्हणाला, चार तुकडे आण. मी म्हटलं तीन माणसं, चार कशाला? म्हणाला, आण म्हटलं ना. ताईला प्रवासात डब्यात द्यायला असेल. काकूंनी मधल्या भागाचे जाड तुकडे दिले. ताई चालली हे त्यांनाही माहीत होतं. म्हणाल्या, "तू राहणार ना? की तू पण?" मी म्हटलं, ऑपरेशन होईपर्यंत राहते. मग पुढे बघू. तोंडातून निघून गेलं, पण निघाल्यावर खरं वाटलं. लाँड्रीच्या मालकिणीलाही सांगून टाकलं, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

सहा पंचवीसला बटाटे-गाजर आत. चौघांच्या मानाने चिरले, कारण तुकडे चार. मामाने दाढी केली आहे आणि नवा शर्ट घातला आहे. त्याच्या खोलीतलं स्टूल काढून त्याने टेबलाला लावलं. म्हटलं, कुणासाठी? म्हणाला, पाय ठेवायला. जेवताना?

सहा पन्नासला मासा आत. आज काटे तीनदा बघितले, दोन सापडले, उपटले. बारा मिनिटं. ताई ताटं पुसते आहे, पुसलेलीच पुन्हा पुसते आहे, आणि मामाकडे बघून हसते आहे. दोघांचं काहीतरी चाललंय. मी वही घेऊन ओव्हनसमोर बसले आहे, काच आतून उजळलेली, सॅमनच्या कडा फिकट होत चालल्या आहेत. मला खरंच वाटतं हे मी पूर्ण केलं. महिना पूर्ण झाला.

बेल वाजली. आत्ता कोण?

मामा म्हणतो, "भिंगरे, दार तू उघड." ताई म्हणते, "तू जा, ट्रे मी बघते."

लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज. कुणीतरी बाहेर बॅग खाली ठेवली. आणि तो खोकला मला माहीत आहे, तो मी डोळे मिटून ओळखेन, रविवारी फोन उचलला असता तर बोलायच्या आधी तोच ऐकू आला असता.

"दादा, हाच मजला ना रे? सात वाजले की नाही अजून?"

आई आली आहे.